हौदातली हाक

आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याच्या मागच्या चौकात हौद होता. काळ्या दगडाचा, आत उतरायला तीन पायऱ्या, एका कोपऱ्यात अळू माजलेलं. दिवेलागणीनंतर तिकडे फिरकायचं नाही असा घरचा दंडक होता आणि पुनवेच्या आसपास तो हमखास मोडला जायचा. आम्ही चार-पाच भावंडं मधल्या पायरीवर पालथी पडायचो, कान पाण्याला लागेल इतके खाली वाकायचो आणि श्वास रोखून धरायचो. हौदाच्या तळाशी भुयार आहे, ते थेट शनिवारवाड्यात निघतं आणि पुनवेच्या रात्री त्यातून ‘काका, मला वाचवा’ ऐकू येतं, असं थोरल्या चुलतभावाने सांगितलं होतं.

मला ऐकू आलं होतं. शब्द नव्हते. दूर कुठेतरी कोणी ‘आ’ वासून बसावं आणि त्या तोंडातून नुसती हवा यावी, तसा एक पोकळ, लांबलेला आवाज. मी तशीच पळत सुटले, ओसरीच्या जोत्याला ठेचकाळले आणि आजीच्या मांडीत तोंड खुपसलं. त्या ठेचेचा वण अजून अंगठ्यावर आहे.

भुयार खोटं नव्हतं, हे पुढे कळलं. फक्त ते माणसांचं नव्हतं, पाण्याचं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या डोंगराखाली तलाव बांधून तिथलं पाणी दगडी नहराने पुण्यात आणलं. कुठे वाकून माणूस आत शिरेल एवढा तो नहर, आणि मध्ये मध्ये हवा खेळावी म्हणून उभारलेले उच्छ्वास. पंप नाही, काही नाही, निव्वळ उताराच्या जोरावर पाणी पेठांमधल्या हौदांत आणि शनिवारवाड्यात पोचायचं. फडके हौद, काळा हौद, सदाशिव पेठेतला हौद ही आजच्या पत्त्यांमधली नावं त्याच पाण्याची. म्हणजे नारायणराव पेशव्याच्या वाड्यातलं पाणी आणि आमच्या भांडी घासायच्या हौदातलं पाणी एकाच डोंगरातून आलेलं. पोरांनी त्यातून हाक ऐकली तर त्यात नवल कसलं?

आता शनिवारवाड्याबद्दल एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते, कारण पुण्यात जन्म काढलेली माणसंही ती विसरतात. आज तिकीट काढून आपण जे पाहतो तो शनिवारवाडा नाही. तो त्याचा कोट आहे. दिल्ली दरवाजा, त्यावरचा नगारखाना, नऊ बुरूज, पाच दरवाजे हे सगळं कुंपण. वाडा आत होता, आणि तो नाहीये. आत आहेत ती जोती. गुडघाभर उंचीची, हिरवळीच्या मधून डोकावणारी, कुठे भिंतीची जाडी दाखवणारी, कुठे खांबाची दगडी बैठक. कुठल्या दालनात कोण बसायचं याच्या पाट्या वाचत फिरावं लागतं.

पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत केली. दोन्ही दिवस शनिवार, म्हणून हे नाव. खर्च आला १६,११० रुपये. जागेची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, ससा कुत्र्याच्या मागे धावताना दिसला ती. पुढे नानासाहेबांनी कोट आणि बुरूज पुरे केले, प्रत्येक पेशव्याने आपापली दालनं वाढवली, मजले चढत गेले. सर्वांत वरच्या मेघडंबरीतून आळंदीच्या देवळाचा कळस दिसायचा म्हणतात. खालचं बांधकाम दगडाचं, वरचं विटांचं आणि सागवानी लाकडाचं. खांब, तुळया, कडीपाट, महिरपी, छतांवरची कोरीव कामं, सगळा साग.

त्या लाकडानेच घात केला. १७ नोव्हेंबर १८१७ ला बाळाजीपंत नातूंनी वाड्यावर इंग्रजांचं निशाण लावलं, मग ज्या दालनांत दरबार भरला होता तिथे कैदी आले, रुग्ण आले, वेडे ठरवलेले लोक आले. आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली. ती सात दिवस जळत होती. मी हे दरवेळी मनाशी दिवस मोजून पाहते. बुधवारी लागलेली आग पुढच्या बुधवारपर्यंत. पेठेतल्या प्रत्येक घराच्या माडीवरून ती दिसली असणार, रात्री उजेड पडला असणार, राख सगळ्यांच्या अंगणात आली असणार. ज्या बायका चौकात वाळवणं घालत असतील त्यांच्या वाळवणांवर पेशव्यांच्या महालांची राख.

एवढं सगळं गेलं आणि उरलं काय, तर कोट, जोती आणि एक हाक.

ती हाक जिथून आली ती दुपार मला पाठ आहे. दुपार, हे महत्त्वाचं. भुताच्या गोष्टीत मध्यरात्र असते, पूर्ण चंद्र असतो, कुत्री रडत असतात. खरी घटना भर दुपारची. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपती बसलेले. नारायणराव नऊ महिन्यांपूर्वी, थोरले माधवराव गेल्यावर गादीवर आलेले, आणि अठरा वर्षं पुरी होऊन त्यांना जेमतेम वीस दिवस झालेले. थकलेल्या पगारासाठी गारदी, म्हणजे पेशव्यांचे भाडोत्री शिपाई, दरवाज्यातून आत घुसले. सुमेरसिंह, खरगसिंह, महंमद इसाफ ही त्यांच्या म्होरक्यांची नावं; बरोबर वाड्यातलाच नोकर तुळाजी पवार. नारायणराव आधी पार्वतीबाई काकूंकडे धावले. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी, पानिपतानंतरही भाऊ परत येतील म्हणून कुंकू लावत राहिलेल्या. तिथून ते रघुनाथरावांच्या दालनात गेले आणि काकांच्या कमरेला मिठी मारली. ती मिठी सोडवून त्यांना ओढलं गेलं. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवायला अंगावर आडवा पडला. दोघांनाही तोडलं.

रघुनाथरावांनी ‘धरावे’ लिहिलं होतं आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही सांगी आपल्या भाषेतच जाऊन बसली आहे. हिशेबनीस आकडा फिरवतो तेव्हाही आपण तेच म्हणतो. रामशास्त्री प्रभुण्यांनी याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही असं रघुनाथरावांना तोंडावर सांगितलं, हेही शाळेत शिकवतात. प्रेत ज्या दरवाज्यातून बाहेर नेलं त्याला नारायण दरवाजा नाव पडलं, असं परंपरा सांगते. मी चौथीत असताना हे सगळं पाठ करून आजीपुढे घडाघडा म्हणून दाखवत होते. आजी तांदूळ निवडत होती. संपल्यावर तिने एवढंच विचारलं, “आणखी कोण कोण मेलं गं?”

पुस्तकात तेवढं नव्हतं. मी म्हटलं, “पेशवे आणि चापाजी.”

“गारदी आत शिरलेत, हातात तलवारी आहेत आणि दोनच माणसं मेली? वाड्यात बाकी कोणी नव्हतं? पाणी कोण भरत होतं?”

मला उत्तर द्यायला पुढची बरीच वर्षं लागली. कॉलेजात असताना रियासतकार सरदेसायांनी दिलेली मोजदाद वाचली आणि आजीचा प्रश्न धाडकन आठवला. त्या अर्ध्या तासात वाड्यात अकरा जण मारले गेले. नारायणरावांसह सात ब्राह्मण, दोन मराठे नोकर आणि दोन दासी. एक गायही मेली, ती वेगळी.

दोन दासी. गणपतीच्या दिवसांत, दुपारच्या पंगती उठल्यानंतरच्या वेळी, कोणी खरकटं काढत असेल, कोणी पानाचं तबक नेत असेल. तलवारी घेतलेली माणसं धावत आली तेव्हा त्या मध्ये सापडल्या की त्यांनीही चापाजीसारखं कोणाला पाठीशी घालायचा प्रयत्न केला? त्याही काही ओरडल्या असतीलच. मरताना माणूस आईला हाक मारतो, देवाला मारतो, शेजारच्या दालनातल्या मैत्रिणीला नावाने मारतो. दहा जणांच्या हाका गेल्या आणि एकाचीच राहिली. पुनवेच्या रात्री शनिवारवाड्यातून ज्यांना आवाज येतो त्यांच्यापैकी कोणालाही आजवर त्या दासींचा आवाज आलेला नाही.

सवाई माधवरावांचाही येत नाही, हे त्याहून चमत्कारिक. नारायणरावांचा हा मुलगा बापाच्या खुनानंतर १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर जन्मला. चाळीस दिवसांच्या बाळाला गादी दिली. त्याला खेळायला मौज म्हणून वाड्यात हजारी कारंजं केलं, सोळा पाकळ्यांचं, कमळाच्या आकाराचं. त्याचा दगडी हौद अजून जागेवर आहे. २५ ऑक्टोबर १७९५ ला एकविसाव्या वर्षी तो वरच्या सज्ज्यातून पडला, खालच्या कारंज्यावर आपटला असं म्हणतात, आणि दोन दिवसांनी गेला. बापलेक दोघांचंही मरण त्या एका घरात. पण मुलाच्या वाट्याला हाक आली नाही. मला वाटतं, भुताला नुसतं मरण पुरत नाही, वाक्य लागतं. ‘काका, मला वाचवा’ यात नातं आहे, विश्वास आहे, आणि तो मोडतानाचा क्षण आहे. तीन शब्दांत घर कसं आतून मोडलं ते कळतं. म्हणून ते टिकलं. दासींचं वाक्य लिहून ठेवायला कोणी नव्हतं.

आता आमच्या वाड्याकडे येते, कारण आमच्याकडेही एक होती.

तिला सगळे ‘आळवणवाली’ म्हणायचे. हौदाच्या काठाला पहाटे चारच्या सुमारास लाल आळवणातली, म्हणजे विधवेच्या लुगड्यातली, बाई बसलेली दिसते, डोक्यावर पदर, तोंड पलीकडे. ती काही करत नाही. बोलत नाही, हसत नाही, पाठीमागे लागत नाही. फक्त पाण्याकडे बघत बसते. मोठ्या काकूला ती लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी दिसली. मागच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांना दोनदा दिसली. वाडा माझ्या पणजोबांनी विकत घेतला तेव्हाच म्हणे आधीच्या मालकांनी सांगून टाकलं होतं, “तिचा काही त्रास नाही.”

आजीला तिच्याबद्दल जे माहीत होतं ते तिच्या सासूकडून आलेलं आणि ते तीन वाक्यांत संपायचं. आधीच्या मालकांच्या घरातली सून. तेराव्या वर्षी नवरा गेला, केस काढले, आळवण नेसवलं. सतराव्या वर्षी ती हौदात सापडली. नाव? नाव नव्हतं. कोणी विचारून ठेवलं नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते घेणं सोडून दिलं. त्या घराच्या दस्तांत वडील-मुलगा-नातू अशी नावं आहेत, हद्दी आहेत, पूर्वेस अमुक यांची भिंत आणि दक्षिणेस बोळ, हौदाच्या पाण्याचा हिस्साही लिहिलेला आहे. ती कुठेच नाही. ती या जगात होती याचा एकच पुरावा होता, तो म्हणजे आम्ही तिला घाबरायचो.

हे मला लहानपणी समजणं शक्य नव्हतं. आता समजतं, आणि अंधश्रद्धा म्हणून ती गोष्ट पुसून टाकणाऱ्यांशी माझं इथे भांडण आहे. भूत असतं की नाही हा प्रश्नच मला पडत नाही. मला एवढं दिसतं की सरकारी कागदाने, घरच्या वंशावळीने आणि देवघरातल्या टाकांनी जिला जागा दिली नाही तिला चौकातल्या बायकांनी हौदाचा काठ दिला. भीतीच्या रूपात का होईना, शंभर वर्षं तिला रोज कोणी ना कोणी आठवत होतं.

आजी सर्वपित्रीला कावळ्याचं पान ठेवून झालं की एक दहीभाताचा घास हौदाच्या पहिल्या पायरीवर ठेवायची. मी कॉलेजातून येऊन तिला त्या दोन दासींचं सांगितलं, त्या वर्षीपासून तिने तीन घास ठेवायला सुरुवात केली. भटजींना विचारलं नाही, आजोबांनाही नाही. मी विचारलं तर म्हणाली, “अगं, इथून चार हातांवर मेल्या त्या. आपल्याच पेठेतल्या की.”

वाडा २००४ च्या उन्हाळ्यात पाडला. त्यात कोणाला बोल लावण्यासारखं काही नाही. पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१ चा, त्याचं पाणी माडीच्या चौथ्या पायरीपर्यंत चढलं होतं. तेव्हापासून मातीच्या भिंती आतून पोकळ होत गेल्या. पावसाळ्यात पोपडे पडायचे, तुळयांना वाळवी. नऊ बिऱ्हाडांना दोन संडास. ज्यांनी तिथे दिवस काढले त्यांना ‘वाडा संस्कृती’च्या गोष्टी सांगू नयेत. तरी पाडताना मी रोज जात होते. वरून सुरुवात करतात. कौलं, मग वासे, मग कडीपाटाच्या फळ्या, मग तुळया. दोनशे वर्षांचा साग असा आतून लालभडक निघतो, कापल्यावर अजूनही वास येतो. दिंडी दरवाजा आणि सहा खांब जुन्या बाजारातला माणूस टेम्पोत घालून घेऊन गेला. माजघराच्या भिंतीतल्या देवळ्या काही काळ आकाशाकडे उघड्या राहिल्या, आतली काजळी तशीच.

हौदाची पाळी शेवटी आली. पंप लावून पाणी उपसलं. मजुरांपैकी एकजण, विशीतला, उतरायला तयार नव्हता. त्याला कोणीतरी शेजाऱ्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं. मग मुकादमाने नारळ फोडला. तळाशी हातभर गाळ निघाला आणि त्यातून आमचं सगळं बालपण. गोट्या, एक पितळी गडू, पोहऱ्याचे गळ, प्लास्टिकची बाहुली, मास्तरांची चष्म्याची फ्रेम. गाळ काढल्यावर पूर्वेच्या भिंतीत, तळापासून वीतभर वर, भुयार दिसलं. खापरी नळाचं तोंड. माझी मूठ जेमतेम आत जाईल एवढं. बाहेरच्या कडेला चुन्याचा थर, आतून गुळगुळीत, शेवाळ वाळून काळं पडलेलं.

मी गाळात गुडघे टेकून त्याला कान लावला. भर दुपार होती, वर ब्रेकर चालू होता. तरी एका क्षणी तो थांबला तेव्हा नळातून आला तो आवाज. तोच. पोकळ, लांबलेला, ‘आ’ आणि ‘हा’ यांच्या मधला. नहर कुठेतरी फुटला असणार, पाणी केव्हाच बंद झालेलं, आता आतून नुसतं वारं वाहत होतं. मी त्याला उत्तर द्यावं असं फार वाटलं. काय नावाने हाक मारणार? दुसऱ्या दिवशी तिथे मुरूम ओतला.

दोन वर्षांपूर्वी मी भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला मुद्दाम दुपारी शनिवारवाड्यात गेले. पुण्यात तो अनंत चतुर्दशीच्या आदला दिवस, म्हणजे गर्दीला सीमा नाही. बाहेर कुठल्याशा पथकाचा ढोल चालला होता आणि त्याचा ठोका कोटाच्या दगडातून तळपायाला जाणवत होता. दिल्ली दरवाज्याच्या सुळ्यांना हात लावून फोटो काढणं चालू होतं. आत जोत्यांवर चार कॉलेजची मुलं उभी राहून ‘काका, मला वाचवा’ ओरडली, हसली, पुन्हा ओरडली. आवाज कुठेच आदळला नाही. त्याला परत फिरवायला तिथे भिंतच नाही, छत नाही. हिरवळीवरून जाऊन तो ढोलात मिसळला. खऱ्या तिथीला, खऱ्या वेळेला त्या वाड्यात खरंच कोणी हाक मारली, तरी ऐकू येणार नाही.

मी नारायण दरवाज्याच्या बाजूला गेले. पिशवीत दोन घास होते, केळीच्या पानाच्या तुकड्यात. तिथल्या रखवालदाराने पाहिलं आणि काही बोलला नाही.

आमच्या वाड्याच्या जागी आता पाच मजली इमारत आहे. हौद होता तिथे पार्किंगचा सहा नंबर. मोठी काकू तिसऱ्या मजल्यावर राहते, ब्याऐंशी वर्षांची. आजीनंतर सर्वपित्रीचे तीन घास तीच ठेवत आली, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कठड्यावर. खाली बघून ठेवते, बरोब्बर सहा नंबरच्या वर. इमारतीतल्या मुलांना आळवणवाली ठाऊक नाही. आळवण म्हणजे काय तेही नाही. गेल्या वर्षी काकूचा हात फार थरथरत होता म्हणून घास मी ठेवले. पेठेत कावळे कमी झालेत. आम्ही दोघी बराच वेळ खिडकीशी उभ्या होतो, काकू मधून मधून “काव काव” म्हणत होती. शेवटी एक साळुंकी आली, कठड्यावरून चालत गेली, पहिला घास टोचला, दुसरा टोचला, आणि तिसऱ्यापाशी मान वाकडी करून थांबली.